बंदरपाड्याच्या चॅनेलवरचा गोंगाट

बंगळूर
६ जुलै २०२५

नलूमावशी, तुझ्या पायांवर डोकं.

सोड्यांचा डबा पोचला. टपालवाल्याने तो हात लांब करून दिला आणि शेजारच्या बाईंनी दोन दिवस गॅलरीचं दार लावून घेतलं. मी मात्र लगेच सोडे-वांगं केलं आणि ताट पुसून खाल्लं.

फोनवर महत्त्वाचं काही बोलायचं नाही, शेजारची दमयंती भिंतीला कान लावून बसते, हे तुझं म्हणणं मान्य. आपल्या आळीत फोन म्हणजे दवंडीच. मलाही कामाच्या खोलीत फोन नेता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. तू विचारलंस की एवढं शिकून मी इथे करते तरी काय. आईलाही ते कधी सांगता आलं नव्हतं, तुला सांगून बघते.

आकाशात एक उपग्रह आहे. समुद्रातल्या बोटी त्याच्याकडे छोटे निरोप पाठवतात, तो ते आमच्या केंद्राकडे टाकतो आणि आम्ही किनाऱ्यावर पोचवतो. पण उपग्रहावर जागा मोजकी. तिचे तुकडे पाडायचे, त्यांना चॅनेल म्हणतात, आणि कुठल्या बंदराला कुठलं चॅनेल द्यायचं ते मी ठरवते. शेजारशेजारच्या बंदरांना वेगळं द्यावं लागतं, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्यावर चढतो. लांबच्या बंदराला तेच पुन्हा दिलं तरी चालतं. एका बंदरातल्या सगळ्या बोटी एकाच चॅनेलवर आळीपाळीने बोलतात. निरोप पोचला की वरून "मिळाला" असं उत्तर जातं. उत्तर ऐकू आलं नाही तर बोटीवरचा डबा तोच निरोप पुन्हा पाठवतो, आणखी जोरात.

या मोसमापासून आपल्या बंदरपाड्याच्या बोटींवरही हे डबे येणार आहेत. बोईसरहून मेहुल नावाचा आमचा कारागीर बसवायला येईल. केबिनच्या टपावर पांढरा घुमट दिसेल, पालथ्या हंडीएवढा. सगळ्यांना एकच सांगून ठेव, की त्या हंडीला रंग लावू नका. गेल्या वर्षी दक्षिणेकडच्या एका बंदरात कुणीतरी हौसेने सिल्वरचा रंग फासला. त्या रंगात धातूची पूड असते. डब्याला वरचं उत्तर ऐकू येईना, म्हणून तो दिवसभर बोंबलत राहिला आणि त्या गोंगाटात बाकीच्यांचे निरोप बुडाले. आम्हाला घाम फुटला होता.

बंदरपाड्याचं चॅनेल मीच नेमलं. बोटींची यादी आली तर पहिलंच नाव कमलाकांतचं. माझा हात थांबला, पण नंबर द्यावाच लागला.

तुझी भागी


बंदरपाडा, तारापूर
१४ जुलै

भागी, आशीर्वाद आहेतच, पण आधी शिव्या घे.

त्याला नंबर दिलास? तुझी आई गेल्यावर मनोरच्या बाजारात उन्हात बसून बोंबील विकले, तुला आणि तुझ्या भावाला, नीलेशला, वाढवलं, तुला शिकवलं, ते कमलाकांत तांडेलला नंबर मिळावा म्हणून?

तू तेव्हा कॉलेजात होतीस, तुला सगळं अर्धवट माहीत आहे. आज पूर्ण सांगते. आपली डोलीची जाळी समुद्रात जिथे खुंट ठोकून बांधतात ती जागा म्हणजे कव, एवढं तुला ठाऊक आहे. प्रत्येक घराची कव ठरलेली, आजा-पणजापासून. दोन कवींमध्ये अंतर का ठेवतात? पुढच्याने पाण्याची धार अडवली तर मागच्याच्या जाळ्यात नुसतं पाणी येतं. तू आकाशात जे वाटतेस तेच आमच्या लोकांनी समुद्रात वाटून ठेवलं होतं, कुठलंही कॉलेज न करता.

तुझे काका छातीच्या दुखण्याने एक मोसम घरी पडले. तेवढ्यात कमलाकांतने आमच्या कवीवर आपले खुंट मारले. मी मच्छीमार सोसायटीत गेले. अध्यक्ष एकनाथभाऊ म्हणाले, रिकामी कव वापरेल त्याची, हरेश्वर उठला की बघू. तुझे काका उठले नाहीत. पडल्या पडल्या रोज विचारायचे, "आपल्या कवीवर कोण हाय?" मी सांगायची, कोणी नाय. त्यांना खोटं कळायचं. ते गेले त्याला आता चार वर्षं होतील, आणि तो माणूस आमच्या पाण्यातली मच्छी भरभरून आणतो. तेराव्याला आला होता, जेवूनही गेला. मी वाढलं. वाढताना मनात काय होतं ते मला आणि एकवीरेला ठाऊक.

सगळे म्हणतात विसर. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी काही साधू-संत नाही. त्या माणसाला भर मोसमात काठावर बसलेला बघायचं आहे, आणि बाजूने त्याच्यासमोर दुसऱ्यांच्या बोटी भरून याव्यात. मग मी मरायला मोकळी.

तर त्याचा नंबर काढून टाक. तुझ्या हातात आहे ना?

आणि ते रंगाचं मला नीट कळलं नाही. सगळ्या हंडीला लागतो की थोडा लागला तरी चालतं? म्हणजे चालत नाही? आणि असा बोंबलणारा डबा सापडला तर तुम्ही काय करता? लोकांना नीट समजावून सांगायला हवं ना, म्हणून विचारते.

नलूमावशी


बंगळूर
२२ जुलै

मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. काकांचं ते विचारणं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मला आठवतो तो कमलाकांत तेराव्याला पानावर बसलेला, आणि बुंदी आणखी मागणारा. मला तो माणूस तुझ्याइतकाच नको आहे. पण नंबर काढता येत नाही. उगाच कुणाला वगळलं तर माझीच नोकरी जाईल, आणि तोही वर्तमानपत्रात फोटो छापून घेईल.

मी त्याच्या चुकीची वाट बघेन. तो चूक करणारच, हावरट माणूस आहे.

तुझ्या शंका: सगळा घुमट रंगवायची गरज नसते. वरचा अर्धा भाग झाकला तरी डबा बहिरा होतो. दिसायला काहीच बिघाड नसतो, दिवाही लागलेला असतो, म्हणून बोटीवरच्यांना कळतही नाही. आणि असा डबा सापडला तर पहिल्यांदा ताकीद. सलग आठवडाभर गोंगाट चालू असल्याचा पुरावा असेल तर मोसमभर बंद. डबा बंद म्हणजे बोट बंद, कारण तुमच्या सोसायटीनेच ठराव केलाय की डबा चालू नसेल त्या बोटीला समुद्रात सोडायचं नाही. एकनाथभाऊंची सही आहे त्यावर.

तू लोकांना समजावते आहेस हे वाचून बरं वाटलं. नीलेशला सांग की तो ज्या बोटीवर खलाशी म्हणून जाणार आहे तिचा नंबर मी स्वतः तपासलाय.

भागी


बंदरपाडा
१३ ऑगस्ट

भागी, तुला पुष्कळ आशीर्वाद, आज शिव्या नाहीत.

नारळी पौर्णिमा झकास झाली. वारा मऊ होता, एमआयडीसीचा वाससुद्धा त्या दिवशी बोईसरच्या बाजूलाच राहिला. मी बंदरावर गेले होते. हो, मीच. चार वर्षांत सणाला गेले नव्हते, तर बायका माझ्याकडे बघून कोपराने एकमेकींना ढोसत होत्या. नवी साडी नेसले होते, अबोलीचा गजरा होता. बघू देत.

त्याच्या आधी आठ दिवस सगळ्या बोटी वाळूवर रंगवायला काढल्या होत्या. मनोरच्या पलीकडून तो सुका रंगारी आला होता, दरवर्षी येतो तोच. बिचारा एकटा एवढ्या बोटी रंगवतो, आणि दुपारी लोक जेवून पसरले की हा बोटीच्या सावलीत भाकर सोडतो. मी त्याला चहा नेऊन दिला. नांगराला आणि कठड्याला लावायचं थोडं सिल्वर उरलं होतं, ते मी मागून घेतलं. घरातली पत्र्याची पेटी गंजली होती ना, तिला एक हात मारला. आता चमकते.

तुझा मेहुल मात्र गुणी आहे. तीन कप चहा प्यायला आणि हंडीला हात लावू नका असं एकनाथभाऊंना सांगून गेला. एकनाथभाऊंना तेव्हा ऐकायला यंत्र लावायचं राहिलं होतं, पण मान हलवली त्यांनी.

कमलाकांतच्या बोटीला यंदा सगळ्यांत जास्त झळाळी होती. त्याच्या बायकोने बोटीला एवढे हार घातले की बोट आहे की नवरदेव असं वाटावं. तो नारळ सोडताना हसत होता. मीही हसले. मला हसताना बघून त्याने हात जोडले. मीही जोडले.

नीलेश समुद्रावर गेला. डब्यात बोंबलाची चटणी दिली आहे.

तुझी नलूमावशी


बंगळूर
३० ऑगस्ट

मावशी,

हे पत्र जपून वाच, आणि वाचून झालं की चुलीत घाल. चूल नसेल तर गॅस पेटव.

तुझी एकवीरा जागी आहे. मोसम सुरू झाल्यापासून बंदरपाड्याच्या चॅनेलवर गोंगाट होता. तुटके-फुटके निरोप, एकावर एक, कुणाचा ते ओळखू येईना. मी काय केलं, सगळ्या डब्यांना पाच मिनिटं गप्प राहायचा हुकूम सोडला. सगळे गप्प बसले, एक सोडून. कोण असेल?

माझ्या शेजारी बसणाऱ्या अर्चनाला वाटलं मला काहीतरी लागलं, एवढ्या जोरात मी टेबलावर हात आपटला. मग घाई केली नाही. ताकीद देऊन सोडायचा नव्हता त्याला. आठवडाभर रोजचा गोंगाट टिपून ठेवला, तारीख-वेळेसकट, आणि सगळा पुरावा वरच्यांसमोर ठेवला. त्यांनी सही केली. बंद करायचा हुकूम उपग्रहावरून पाठवला तर तोही त्या बहिऱ्या डब्याला ऐकू जाईना, म्हणून सोसायटीला कळवून वायर काढायला लावली.

परवापासून कमलाकांतची बोट वाळूवर आहे ना? जाऊन बघ. माझ्या वाटचंही बघ.

भागी


बंदरपाडा
६ सप्टेंबर

माझ्या वाघिणी,

रोज बघते. सकाळी बोंबील वाळत घालायला जाते ती मुद्दाम त्याच्या बोटीसमोरून. तो वाळूवर खुर्ची टाकून बसलेला असतो. पहिल्या दिवशी आरडाओरडा केला, दुसऱ्या दिवशी सोसायटीत गेला, तिसऱ्या दिवसापासून नुसता बसतो. त्याचे खलाशी दुसऱ्या बोटींवर गेले. एक तर बोईसरला कारखान्यात पाळीवर लागला. आणि त्याच्यासमोर, भागी, त्याच्या डोळ्यांसमोर, बोटी भरून येतात. घोळ येते, सुरमई येते, करली येते. काल तो बायकोला म्हणत होता, "पापलेट बघ कशी हाय." मी टोपली त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवून पाठीला हात लावून उभी राहिले, दमल्यासारखी.

घरी येऊन तुझ्या काकांच्या फोटोसमोर बसले आणि सांगितलं, आपल्या कवीवर आज कोणी नाय. या वेळी खरं सांगितलं. मग रडले खूप. सुखाने की कशाने ते कळलं नाही.

एक तक्रार मात्र आहे तुझ्या कंपनीची. दहा-बारा दिवसांपूर्वी नीलेशच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. वारा उलटा, लाटा चढलेल्या, बोट वाहत गेली. त्यांनी डब्यावरून निरोपावर निरोप दाबले, कुणालाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी गुजरातच्या एका ट्रॉलरने दोर टाकून आणली. नीलेशच्या दोन्ही हातांची सालं गेलीत, आणि डोळे अजून घाबरलेले दिसतात. मी त्याला हळद-दूध दिलं, आणि तुझ्या डब्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. काय कामाचे ते, वेळेला माणूस ऐकत नाहीत तर? त्याचं जरा बघ.

नलूमावशी


बंगळूर
१६ सप्टेंबर

नलूमावशी,

बघितलं.

मेहुल बुधवारी कमलाकांतच्या बोटीवर तपासणीला गेला. त्याने फोटो पाठवला. घुमटाचा वरचा अर्धा भाग सिल्वरचा. कमलाकांत त्याला म्हणाला की सुकाने हौसेने लावला असेल, बायकोला आवडला म्हणून ठेवला. मेहुल हसत होता. मला हसू आलं नाही. "वरचा अर्धा भाग" हे शब्द माझे आहेत, २२ जुलैच्या पत्रातले. मी सगळ्यांना सांग म्हटलं होतं, तू एकालाही सांगितलं नाहीस. पेटी रंगवलीस म्हणे.

आता नीलेशचं ऐक. त्याच्या बोटीने त्या संध्याकाळपासून अकरा निरोप पाठवले. एकही पोचला नाही. मी शोधून काढले, तुकडे आहेत त्यांचे, आणि प्रत्येक तुकड्यावर कमलाकांतच्या डब्याचा आवाज चढलेला आहे. म्हणजे तुझ्या ब्रशाचा. नीलेश त्या पाण्यात मेला असता. तू त्याला भरवलंस, त्याला चालायला शिकवलंस, आणि तूच त्याच्या तोंडावर हात ठेवलास.

हे लिहून मी कागद फाडायला घेतला. कारण अर्धंच खरं आहे ते.

गोंगाट सुरू झाला की आमचा पहिला नियम असा, की बाकीच्या बोटींना आधी राखीव चॅनेलवर हलवायचं आणि मग गोंगाट करणाऱ्याला शोधत बसायचं. राखीव चॅनेल रिकामं होतं. दोन मिनिटांचं काम. मी हलवलं नाही. बाकीचे हलले असते तर त्याच्यामुळे कुणाचं नुकसान झालं असं दाखवता आलं नसतं, आणि डबा बंद करण्याएवढा पुरावा उभा राहिला नसता. मला तो मोसमभर काठावर हवा होता. ज्या आठवड्यात मी तारीख-वेळ टिपत बसले होते, त्याच आठवड्यात माझा भाऊ वाहून जात होता.

तुला शिव्या देण्याचं तोंड मला उरलेलं नाही, तरी देते आहे.

अहवाल मी लिहून टाकला. रंगकाम करणाऱ्याच्या अनवधानाने घुमटाला धातुमिश्रित रंग लागला, असं लिहिलं. राखीव चॅनेलचा उल्लेख केला नाही. घुमट बदलून दिला, कमलाकांतचा डबा उद्यापासून चालू होईल. पोलीस नाहीत, चौकशी नाही, तू सुटलीस आणि मीही. कुणाला काही बोलू नकोस. हा विषय इथे संपला.

भागी


बंदरपाडा
५ ऑक्टोबर

भागी,

तुझं पत्र वाचलं. नीलेशचे ते अकरा निरोप. मी दिवसभर काही खाल्लं नाही. तू लिहिलंस ते सगळं मला लागू आहे, एक शब्द मागे घेऊ नकोस. मी त्या हंडीकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं नाही. एका बोटीचा आवाज दाबला की सगळ्यांचा दबतो हे तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस. मला फक्त माझ्या कामाचं तेवढं ऐकू आलं.

पण विषय संपला नाही. तुझा कागद सोसायटीत आला. २६ तारखेला सभा भरली, एकनाथभाऊंनी चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवला. "अनवधानाने" म्हणजे काय, कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, म्हणजे चुकून. कमलाकांत मांडीवर थाप मारून हसला आणि म्हणाला, म्हणजे त्या सुकाची करामत, आणि आपण इथे वीस दिवस देवाला कोसत बसलो. सगळे हसले. सुकाला मनोरहून बोलावून घेतला होता, तो दाराशी उभा होता, आत बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "मी हंडीला हात नाय लावला." कुणी लक्ष दिलं नाही. त्याने परत सांगितलं. मग ठरलं की यापुढे बंदरपाड्याची एकही बोट त्याच्याकडे द्यायची नाही.

मी मागे बायकांत बसले होते. आता खरं सांगते, मला आधी सुकाची दया आली नाही. ती नंतर आली. आधी राग आला. मला वाटलं होतं कमलाकांत वाळूवर बसून विचार करत असेल, कुणाचं घेतलं मी, कुणी केलं असेल हे. त्याने तसला विचारच केला नव्हता. मी त्याची वैरीण आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. चार वर्षं मी पोटात निखारा ठेवला, आणि तुझ्या एका शब्दाने त्याचा विनोद झाला. माझा सूड चुकून झाला म्हणे. तू मला वाचवलंस, भागी, पण माझ्याजवळ जे एकच होतं ते काढून घेतलंस. सोसायटीने कव घेतली, तू हे घेतलंस.

मी उठले. आमच्याकडे बायका सभेत उठत नाहीत, म्हणून सगळ्या माना वळल्या. मी म्हटलं, "चूक नाय ती. मी लावला रंग. बघून-सवरून लावला."

कमलाकांत माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "कशापायी, नलू?"

कशापायी! त्याला खरंच माहीत नव्हतं. मग मी सांगितलं, पहिल्यापासून. खुंट, दुखणं, तेराव्याची बुंदी, आणि तुझे काका रोज काय विचारायचे ते. एकनाथभाऊ खाली बघून म्हणाले, "ती कव रिकामी होती तवा." मी म्हटलं, "रिकामी नव्हती. तिचा मालक आजारी होता."

तेव्हा नीलेश उभा राहिला. तो सभेत आहे हे मला माहीत नव्हतं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मावशी, तवा मी दर्यात होतो."

तो निघून गेला. आता तो दमयंतीकडे जेवतो. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतो, भात मागताना, पाणी मागताना. ते मला लागतं, आणि लागलंच पाहिजे.

सोसायटीने ठरवलं, वर्षभर बंदरपाड्याच्या कुठल्याही बोटीने मला मच्छी द्यायची नाही. मी मान्य केलं. सातपाटीहून आणेन, पाम गावच्या नाक्यावर बसेन. सुकावरची बंदी उठवली, तो पुढच्या वर्षी येईल. जाताना त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि ते बरोबरच आहे. कव मात्र परत मिळाली नाही. तो विषय पुढच्या सभेत घेऊ म्हणाले. पुढची सभा कधी ते कुणी बोललं नाही.

बाहेर आले तर कमलाकांत पायरीशी थांबला होता. मला म्हणाला, एवढं वैर होतं तर तोंडावर सांगायचं होतंस. मी म्हटलं, "आता सांगितलं ना? आता विसरून दाखव."

त्याचा चेहरा, भागी. बोट बंद झाली तेव्हाही तसा झाला नव्हता. परवा आमच्या कवीवरून मच्छी आणली त्याने, आणि माझ्या घरासमोरून टोपल्या न्यायच्या सोडून मागच्या वाटेने नेल्या. लांब पडते ती वाट. मी खिडकीत उभी राहून शेवटची टोपली जाईपर्यंत बघत होते. मला आनंद झाला. नीलेशचं दुःख आहेच, आणि त्याच्या शेजारी हा आनंदही आहे. दोन्ही एका घरात राहतात, मी काय करू.

तर तुझ्या अहवालात जिथे "अनवधानाने" आहे तिथे काट मार. माझं पूर्ण नाव घाल, नलिनी हरेश्वर तामोरे, आणि पुढे "मुद्दाम" असं लिही. कारण विचारलं तर कव लिही. पोलीस आले तर येऊ देत, चहा देईन.

राखीव चॅनेलचं मी सभेत बोलले नाही, तुझं नावही घेतलं नाही. नीलेशला वाटतं त्या आठवड्यात त्याचं न ऐकणारी मी एकटीच होते. तुझा भाऊ आहे तो. त्याला काय सांगायचं ते तू ठरव. माझं मी सांगून आले.

नलू